भाकरीचे चार वाटे

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी फजरची नमाज पढून आलो आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी खायच्याऐवजी चटईवर ठेवली. अफिफाला उठवून तिच्या हातात कात्री दिली. दुकानात कूलरची जाळी कापतो ती कात्री, कालच घासून धुऊन आणली होती.

सितारा चुलीपाशी होती. म्हणाली, "अन्नाला कात्री लावू नका."

मी म्हणालो, "मॅडमनी सांगितलंय."

काल मेघा मॅडमनी शाळेत बोलावलं होतं. अफिफा पाचवीत आहे. मॅडम म्हणाल्या, "मुख्तारभाऊ, पोरगी बाकी विषयांत बरी आहे. अपूर्णांक मात्र तिच्या डोक्यात बसत नाहीत. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावंच लागतं. नाही झाली तर परत एकदा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर परत पाचवीच." मग त्यांनीच उपाय सांगितला. घरात खायच्या वस्तू घ्या, भाकरी घ्या, टरबूज घ्या, भाग करायला लावा. खाण्यातलं पोरांना लवकर समजतं.

अफिफाला धास्ती एकच. शेजारच्या द्रौपदाबाईंची नात वृषाली तिच्या बाकावर बसते. ती सहावीला रुळापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. आपण मागे राहिलो तर बाकावर कोण, हा तिचा प्रश्न.

तर भाकरी. मी म्हणालो, "घरात आपण चौघं. हिचे चार भाग कर."

तिने जराही विचार केला नाही. एक मोठा तुकडा कापला, दुसरा त्याच्यापेक्षा थोडा लहान, तिसरा अर्ध्या तळहाताएवढा, आणि उरली ती काठाची करपलेली पट्टी.

"हे काय?"

"हा तुमचा, हा भाईचा, हा माझा. हा अम्मीचा."

मला हसूच आलं. "अगं, ही वाटणी झाली. भाग म्हणजे सगळे सारखे."

"पण सगळ्यांना मिळालं ना, अब्बा?"

चुलीपाशी सितारापण हसत होती. म्हणाली, "माझं बघून बघून शिकली."

मी दुसरी भाकरी मागितली, दोरा घेतला, तिला घडी घालून मध्य कसा काढायचा ते दाखवलं. आमच्या खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी आम्हाला पाव, अर्धा, पाऊण असंच दोऱ्याला गाठी मारून शिकवलं होतं. त्या गावात उर्दू शाळा नव्हती, म्हणून मी मराठीत शिकलो. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, पण वहीत उतरतं ते मराठीत. रोज चार ओळी लिहाव्यात ही सवयही गुरुजींचीच.

दोऱ्याने चार भाग सारखे झाले. अफिफा त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असं कोण वाढतं?"

हा तिचा गोंधळ काढावा लागेल.

१ मार्च, शनिवार

चांद दिसला. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं आणि गल्लीत पोरांनी गलका केला. उद्या पहिला रोजा.

सिताराला रमजानचा आनंद आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. महिनाभर आधीच डबे घासून, डाळी निवडून ठेवते. आज पिठाचा डबा उचलताना मध्येच टेकली. मी म्हणालो, तनवीरला सांगायचं. म्हणाली, "तो दिवसभर भुसावळला जाऊन येतो, थकतो." थोरला तनवीर तिथे आयटीआय शिकतो, सकाळच्या गाडीने जातो. डबा मी उचलला. तयारीची दगदग झाली असणार.

येताना अफिफासाठी पाटीवरच्या पेन्सिलींचं खोकं आणलं. वहीची पानं वाया घालवण्यापेक्षा पाटी बरी.

४ मार्च, मंगळवार

रमजानात खाण्याच्या वस्तूने शिकवायचं म्हणजे एक गंमतच आहे. शिकवणी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर. समोर टरबूज कापलेलं, आणि मगरिबची अजान होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. अफिफाने यंदा आईचं बघून सगळे रोजे धरायचा हट्ट धरला होता. अजून लहान आहेस, दुपारपर्यंत धर, असं मी समजावलं. तिने लगेच विचारलं, "दोन दिवस अर्धा अर्धा धरला तर एक पूर्ण होतो?"

अर्धा अधिक अर्धा बरोबर एक. गणिताने बरोबर. मी म्हणालो, "हा हिशोब अल्लाहकडे वेगळा असतो."

तनवीर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "अब्बा, गणित शिकवताय की भूक लावताय?"

"तुलापण शिकवलं असतं, तर एका वर्षात पास झाला असतास."

टरबुजाची एक गोल चकती घेतली. दोऱ्याने मध्य काढला. चार सारखे भाग, चार ताटल्यांत. अफिफाने पाटीवर एक छेद चार लिहिलं, तिच्या भाषेत एकावर चार. मग आठ केले, एकावर आठ. आठ मोठा आकडा, मग तुकडा लहान कसा, इथे ती नेहमी अडते. मी म्हणालो, "खाणारे वाढले की तुकडा लहान होतो." ते मात्र तिला लगेच पटलं. मॅडमचं खरं आहे, खाण्यातलं लवकर समजतं.

रोजा सोडताना मी खजूर तोंडात टाकून बघितलं, चौघांच्या ताटल्यांत एक एक पाव चकती. बरं वाटलं. सितारा भजी काढत होती, तिची ताटली तशीच होती.

७ मार्च, शुक्रवार

पेन्सिलींचं खोकं जवळजवळ रिकामं झालंय. आठवडापण झाला नाही. अफिफाला विचारलं, हरवतेस की वर्गात वाटतेस? वस्तूची कदर पाहिजे, असं चार शब्द बोललो. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचा असा स्वभाव नाही, एरवी चार प्रश्न उलटे विचारते. सितारा आतून म्हणाली, "जाऊ द्या, नवीन आणा. पेन्सिलीच तर आहेत."

जुम्याच्या बयानात मौलाना म्हणाले, आपल्या मुलांमध्ये देण्याघेण्यात बरोबरी ठेवा. मनात आलं, आमच्या घरी तर आजकाल दोऱ्याने मोजून बरोबरी चालली आहे.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. मेघा मॅडम ज्यावर डोकं धरून बसल्या होत्या ते अफिफाला आज आपोआप आलं. भागाचा भाग.

झालं असं. टरबुजाच्या चकतीचे चार भाग मी स्वतः चार ताटल्यांत ठेवले होते. रोजा सोडला. सितारा कढईपाशी होती. खाली बसली तेव्हा तिने आपल्या ताटलीतला भाग सुरीने मधोमध कापला आणि अर्धा तनवीरच्या ताटलीत सरकवला. मग उरलेल्याचे दोन केले, एक माझ्याकडे सरकवला. मी बोलत होतो, बोलता बोलता खाल्लापण.

अफिफा एकदम म्हणाली, "अब्बा, थांबा. अम्मीकडे एकावर चार होता. त्याचा अर्धा भाईला, म्हणजे एकावर आठ. उरला एकावर आठ, त्याचा अर्धा तुम्हाला, म्हणजे एकावर सोळा."

मी म्हणालो, "शाब्बास. मग अम्मीकडे किती राहिला?"

"एकावर सोळा." आणि तिने ताटलीत बघितलं. "तो पण नाही. तो तिने मला दिला."

सगळे हसलो. सिताराही हसली. म्हणाली, "मला टरबूज थंड पडतं." मी अफिफाला दहा रुपये बक्षीस दिले. पावाचा अर्धा म्हणजे एक अष्टमांश, हे मला सातवीपर्यंत नीट समजलं नव्हतं. पोरीला पाचवीत समजलं, तेही घरात बसून. अल्लाहचा शुक्र आहे.

१२ मार्च, बुधवार

ऊन तापू लागलं. दुकानात कूलर यायला लागलेत. खान्देशात मार्च लागला की लोकांना गच्चीवरचा कूलर आठवतो. रोजा धरून गवत भरायचं म्हणजे नाकातोंडात धूळ आणि पाण्याचा घोट नाही, पण सवय आहे.

पहाटे सहरीचं खाणं संपवायचा सायरन झाला तेव्हा सिताराच्या हातात अजून पहिलीच पोळी होती. आम्हाला वाढता वाढता तिची वेळ निघून गेली. म्हणाली, "झालं माझं," आणि पोळी डब्यात ठेवली.

दुपारी नळ आला तेव्हा ती ओट्याला धरून खाली बसली होती, अफिफाने सांगितलं. विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलं." दुकानातला एक छोटा कूलर घरी आणून लावीन म्हणतो.

१५ मार्च, शनिवार

आज द्रौपदाबाई दुकानात आल्या. साक्रीकडच्या. लग्न होऊन बोदवडला येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोली तीच. माझ्याहून मोठ्या आहेत, मी अक्का म्हणतो. त्यांच्या कूलरचा पंप बदलायचा होता. पंप बघत असताना त्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "मुख्तारभाऊ, तुनी बायकोनं तोंड देखं का तू?"

मी म्हणालो, "का, काय झालं?"

"काय झालं इचारस. हयदीना मायक पिवयं पडी गयं. जिना चढताना तीन दाव उभी ऱ्हास."

म्हणजे हळदीसारखं पिवळं. मी म्हणालो, "रोजे आहेत अक्का, ऊन आहे."

"रोजा तुना बी शेत. तू त टरबूजना मायक लाल शे." मग स्वतःच हसल्या, पण बोलायचं थांबल्या नाहीत. "आन ती पेन्सिली खास. मनी वृषाली सांगे. मी बी खाये, रगत कमी व्हतं तवय. दवाखानामा ले तिले."

मला ते आवडलं नाही. आपल्या घरातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आवडत नाही. पंप बसवून दिला, पैसे घेतले, जास्त बोललो नाही.

घरी येऊन अफिफाला गच्चीवर नेलं. विचारलं, "पेन्सिली कोण खातं?"

ती हातातल्या दोऱ्याला गाठी मारू लागली. मग म्हणाली, "अम्मी. दिवसा नाही खात अब्बा, रोजा सुटल्यावर. भांडी घासताना. मला म्हणाली, अब्बांना सांगू नको, हसतील."

त्या पेन्सिलींसाठी मी हिलाच बोललो होतो, आणि ही ऐकून घेत उभी राहिली होती.

१६ मार्च, रविवार

आज मी ठरवून फक्त एका ताटलीकडे बघितलं.

चार खजूर होते, चौघांना एक एक. तिने अर्धा खाल्ला, अर्धा अफिफाच्या वाटीत. भजी: माझ्यापुढे ढीग, तनवीरपुढे ढीग, तिच्यापुढे कढईतला चुरा. टरबुजाचा पाव भाग मीच तिला दिला होता, तो दोन मिनिटांत तनवीरकडे गेला. जेवणात गोश्त होतं. तिच्या वाटीत रस्सा आणि एक हाड. पोळी तिने आमच्यानंतर घेतली, तीही सकाळची.

यात नवीन काही नव्हतं. वीस वर्षं हे ताट माझ्यासमोर आहे.

मी माझ्या वाटीतली मटणाची बोटी तिच्या वाटीत टाकली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांसमोर काही भलतंच केलं. थोड्या वेळाने ती बोटी तनवीरच्या ताटात होती. मला सरकवताना दिसलीपण नाही.

अफिफाने त्या सकाळी भाकरी चुकीची कापली नव्हती. आमच्या घरात जशी असते तशीच कापली होती. मी तिला दोरा घेऊन शिकवायला बसलो.

१८ मार्च, मंगळवार

ग्रामीण रुग्णालयात गेलो. सितारा म्हणत होती, ईदनंतर जाऊ. मी दुकान बंद ठेवलं.

डॉक्टर तरुण बाई आहेत. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, लगेच रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून मला म्हणाल्या, "ह्या चालत आल्या?"

"हो. घर जवळच आहे."

"हिमोग्लोबिन सहा आहे काका. बारा तरी पाहिजे."

बारातले सहा. ते कोणालाही समजतं.

मग त्यांनी मला बाहेर थांबायला सांगून तिला एकटीला विचारलं. नंतर मला सांगितलं, महिन्याचा त्रास फार आहे, वर्षभर आहे, ती कोणाला बोलली नाही. पेन्सिलीचंही त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, रक्त कमी झालं की असं होतं, माती, खडू, काहीही खावंसं वाटतं. सुया लिहून दिल्या, गोळ्या दिल्या, पुढच्या तपासणीला जळगावला जायला सांगितलं. "आणि रोजे सध्या बंद. दिवसातून तीनदा पोटभर जेवायचं. पोटभर म्हणजे काय ते यांना माहीत नाही, तुम्ही बघा."

रिक्षात सितारा पदराने डोळे पुसत होती. आजाराचं नव्हतं. म्हणाली, "माझे रोजे."

१९ मार्च, बुधवार

दुपारी जोहरनंतर मौलानांजवळ बसलो. मनात शंका होती असं नाही, पण तिला सांगायला मला कोणाचा तरी शब्द हवा होता. ते म्हणाले, "आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे. पुढे बरं वाटल्यावर तेवढे रोजे भरून काढायचे. दिलेली सवलत नाकारणं ही काही धर्मनिष्ठा, तकवा, नाही."

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षीचे अजून थोडे बाकी आहेत. भरून काढायचं तरी किती, तनवीरचे अब्बा?"

मी म्हणालो, आधी बरी हो. तिने मान हलवली आणि उद्यापासून रोजा धरणार नाही म्हणाली. तिची मान हलली की मी समजतो काम झालं. आजवर तसंच समजत आलो.

२१ मार्च, शुक्रवार

झालं नाही.

रोजा धरत नाही हे खरं, पण दिवसा जेवतही नाही. अफिफा शाळेतून आल्यावर बघते, डबे तसेच. गोळी पाण्याबरोबर घेते. विचारलं तर म्हणते, "घरात सगळे रोज्याने, आणि मी एकटी घास कसा गिळू? दार उघडं असतं, कोणी आलं तर? स्वतःसाठी एकटीसाठी ताट वाढायचं, मला जमत नाही."

तनवीरला बाहेर ओट्यावर बोलावलं. रिपोर्ट दाखवला. आकडा त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "अब्बा, मी कधी मागितलं का? ती ठेवते, मी खातो."

मी म्हणालो, "मीही तेच करत आलो. तुला बोलत नाही."

"मग?"

"मग आजपासून तिने तुझ्या ताटात टाकलं तर परत तिच्या ताटात टाकायचं."

"ती भांडेल."

"भांडू दे."

संध्याकाळी तो तसं वागला. टरबुजाची फोड तिकडून इकडे, इकडून तिकडे, तीनदा गेली. शेवटी सितारा म्हणाली, "हा काय खेळ चालवलाय दोघांनी," आणि रागाने खाऊन टाकली. अफिफा म्हणाली, "अम्मी, एकावर चार. पूर्ण."

पण दुपारचं राहिलं. ते माझंच आहे. दुपारी घरी जायचं, दार लावायचं, स्वतः ताट वाढायचं आणि ती जेवेपर्यंत समोर बसायचं. वहीत लिहायला सोपं आहे. मी आजवर या घरात कोणाचं ताट वाढलेलं नाही. डबे कुठे असतात तेही मला नीट माहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

आज जाणार होतो. जोहरची नमाज झाली आणि बाहेर गिऱ्हाईक उभं, कूलर घेऊन. गेलो नाही.

मेघा मॅडम रस्त्यात भेटल्या. घटक चाचणीत अफिफाला अपूर्णांकाची सगळी गणितं बरोबर आलीत. मॅडम म्हणाल्या, "एक उदाहरण मात्र तिने वेगळंच केलं. चार जणांत एक पोळी वाटायची होती. तिने चार सारखे भाग केले आणि खाली लिहिलं, ज्याने कापली त्याने शेवटी घ्यायचं नाही." मॅडम हसत होत्या. "असं पुस्तकात कुठे नाही हो भाऊ. कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, घरीच शिकली.

२३ मार्च, रविवार

आजही नाही. रविवार, तनवीर घरी होता, पाहुणे आले. पाहुणे हे कारण आहे. खरं म्हणजे मला लाज वाटते. रोज्याने असलेल्या माणसाने भर दुपारी चुलीपाशी उभं राहून बायकोसाठी शिजवायचं, हे गल्लीत कोणी बघितलं तर काय म्हणतील, असं मनात येतं. मग वाटतं, ती वीस वर्षं रोज्याच्या तोंडाने आमच्यासाठी शिजवत आली, तेव्हा गल्ली काय म्हणाली?

असरनंतर खाटकाकडे जाऊन उद्या सकाळी कलेजी ठेवायला सांगून आलो. आता न जाऊन चालणार नाही.

२४ मार्च, सोमवार

आज गेलो.

दुकानाला कुलूप लावलं. जोहर मशिदीत पढलो आणि तसाच घरी आलो. सितारा पंख्याखाली आडवी होती, मला बघून दचकून उठली. म्हणाली, "बरं नाही का?"

"बरा आहे. तू पडून राहा."

दार लावून घेतलं. कलेजी धुतली. कांदा कुठे, तिखट कुठे, हे तिने खाटेवरूनच सांगितलं. दोनदा उठायला निघाली, दोनदा बसवलं. "तेल जास्त झालं," म्हणाली. "आच कमी करा." मी सगळं ऐकत गेलो. मीठ अंदाजाने टाकलं. रोजा होता, चाखता येत नव्हतं. इतकी वर्षं रमजानात हिने रोज असंच न चाखता शिजवलं आणि आम्ही बसल्या बसल्या म्हणत आलो, आज खारट झालं, आज अळणी झालं.

सकाळी अफिफाच्या डब्यासाठी केलेल्या भाकऱ्यांतली एक मी सांगून बाजूला ठेवायला लावली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची, जाड. ताटात अख्खी ठेवली. बाजूला कलेजी, गुळाचा खडा, लिंबाची फोड. पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसलो.

ती ताटाकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"तुम्हाला वास येत असेल."

"येतोय. तू जेव."

तिने बिस्मिल्ला म्हणून भाकरी मोडली. हाताच्या सवयीने दोन तुकडे केले आणि एक ताटाबाहेर, ताटलीवर ठेवला. कोणासाठी ते तिलाही माहीत नसेल, घरात तर कोणी नव्हतं. मी तो उचलून परत तिच्या ताटात ठेवला. तिने एक घास घेतला, मग दुसरा. सावकाश खात होती, अंग चोरून, परक्या घरी बसल्यासारखी. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं तर थांबली, मग परत खाऊ लागली.

अर्धी भाकरी झाल्यावर मान खाली ठेवूनच म्हणाली, "मीठ कमी आहे."

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. तिला जेवणात काही कमी आहे, असं तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं.

मी उठलो. मिठाची बरणी कुठे असते ते आता माहीत होतं. चिमूटभर तिच्या ताटात घातलं. तिने कालवून घेतलं, चव बघितली, आणि उरलेली भाकरी खाल्ली. सगळी. गुळाचा खडापण खाल्ला.

ताट मी धुतलं, पालथं घातलं, आणि दुकान उघडायला गेलो.